‘द फॉल’ : दृश्यांनी भारावून टाकणाऱ्या परीकथेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट कोणता आणि त्याची कथा थोडक्यात काय आहे?

तरसेम सिंग यांनी दिग्दर्शित केलेला ‘द फॉल’ हा चित्रपट २००६ मध्ये टोरंटो येथील चित्रपट महोत्सवात प्रथम दाखवला गेला आणि अमेरिकेतील चित्रपटगृहांत तो २००८ मध्ये आला. कथा घडते ती मूकपटांच्या काळातील लॉस एंजेलिसमधल्या एका इस्पितळात. आरंभीच्या पाटीवर शहराच्या नावासोबत ‘एके काळी’ एवढेच लिहिलेले आहे, म्हणजे आपल्या ‘आटपाट नगर होते’ या सुरुवातीच्या जवळचेच. स्थलांतरित मजुरांच्या कुटुंबातली पाच वर्षांची अलेक्झांड्रिया संत्री तोडताना पडली आहे आणि तिचा हात प्लास्टरमध्ये आहे. रॉय हा तरुण स्टंटमन चित्रीकरणात पुलावरून उडी घेताना जायबंदी झाला आहे, त्याच्या पायांतले बळ गेले आहे आणि त्याची प्रेयसी त्याच चित्रपटाच्या नायकाकडे निघून गेली आहे. रॉय त्या मुलीला पाच सूडेच्छू वीरांची, दुष्ट गव्हर्नर ओडियसची आणि नंतर त्यांना येऊन मिळणाऱ्या एका गूढ साधूची गोष्ट सांगू लागतो. गोष्ट रंगात आली की तो थांबतो आणि पुढचे ऐकायचे असेल तर औषधांच्या कपाटातून मॉर्फिनच्या गोळ्या आणून दे, असे तिला सुचवतो. त्या गोळ्या त्याला झोपेसाठी नको आहेत, जीव देण्यासाठी हव्या आहेत. हे प्रेक्षकाला लवकर कळते, मुलीला कळत नाही.

एकाच चित्रपटाबद्दल प्रेक्षकांची मते इतकी टोकाची का आहेत?

‘डोळ्यांचे पारणे फिटले’ असे म्हणणारे आणि ‘चित्रे सुंदर, पण आत काही नाही’ असे म्हणणारे, असे दोन तट या चित्रपटाच्या पहिल्या प्रदर्शनापासून आहेत. समीक्षकांमध्येही हीच फूट होती. रॉजर ईबर्ट यांनी त्याला चारपैकी चार तारे दिले, तर इतर अनेकांनी त्याला दिग्दर्शकाने स्वतःच्या हौसेसाठी केलेला खर्चिक खेळ ठरवले. २००७ मध्ये स्पेनमधील सित्जेस येथील महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि तरीही अमेरिकेत तो मोजक्याच चित्रपटगृहांत लागून फारशी कमाई न करता उतरला.

या मतभेदाचे मूळ मला रुचीच्या फरकापेक्षा लक्ष कुठे ठेवले जाते, यात दिसते. जो प्रेक्षक पाच वीरांच्या सूडकथेला मुख्य कथा समजून बसतो आणि तिच्याकडून नेहमीच्या साहसपटाची अपेक्षा करतो, त्याला ती विस्कळीत वाटते, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नाही, कारण ती विस्कळीतच आहे. खाट, खाटेवरचा माणूस, खाटेच्या कडेला बसलेली मुलगी आणि त्या दोघांमध्ये चाललेला सौदा हीच खरी कथा, असे धरून जो पाहतो, त्याला वाळवंट, राजवाडे आणि घोडेस्वार हे सगळे त्या सौद्याचे चलन म्हणून दिसू लागते. पहिल्यांदा पाहताना मीही पहिल्या गटात होतो. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मात्र इस्पितळातला एकही प्रसंग नजरेआड होऊ द्यावासा वाटला नाही.

कथा तोकडी आणि पात्रे उथळ आहेत, हा आक्षेप खरा आहे का?

अर्धा खरा आहे. गोष्टीतल्या वीरांना एकेक वैर आहे, एकेक पोशाख आहे आणि त्यापलीकडे फारसे काही नाही. परंतु ही गोष्ट लिहिलेली नाही, ती तोंडी आणि तीही वेळ मारून नेत सांगितलेली आहे. सांगणाऱ्याचे मन तिच्यात नाही आणि ऐकणारीला त्याची भाषा पुरती येत नाही. अशा गोष्टीला भोके पडणारच, आणि दिग्दर्शकाने ती बुजवली नाहीत.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे गोष्टीतला ‘इंडियन’. रॉय ज्याचे वर्णन करतो तो अमेरिकेतला मूलनिवासी आहे, हे रॉयच्या शब्दांवरून उघड आहे, कारण तो त्याच्या झोपडीला आणि बायकोला पाश्चात्त्य साहसकथांतलेच शब्द वापरतो. अलेक्झांड्रियाने मात्र ‘इंडियन’ म्हणून एकच माणूस पाहिला आहे, संत्र्यांच्या बागेत तिच्या घरच्यांसोबत राबणारा भारतीय मजूर. त्यामुळे कानावर ‘विगवॅम’ (अमेरिकी मूलनिवासींची झोपडी) पडत असताना पडद्यावर फेटा बांधलेला, दाट दाढीचा भारतीय योद्धा उभा राहतो. चित्रपट कुठेही थांबून हा घोटाळा समजावून सांगत नाही. शब्द रॉयचे आणि चित्र अलेक्झांड्रियाचे, हा नियम एकदा लक्षात आला की गोष्टीतल्या निम्म्या विसंगतींचा उलगडा होतो.

शत्रूच्या सैनिकांचेही तसेच आहे. त्यांची काळी, जडशीळ, चेहरा झाकणारी शिरस्त्राणे कुठून आली, असे अनेकांना वाटते. ती इस्पितळातूनच आली आहेत. क्ष-किरण विभागात संरक्षक पोशाख घालून वावरणारा कर्मचारी मुलीने पाहिला आहे आणि त्याला ती घाबरली आहे. बर्फ पोहोचवणारा माणूस, शुश्रूषा करणारी परिचारिका एव्हलिन, रॉयचा एका पायाचा सहकारी हे सगळे गोष्टीत नवे कपडे घालून येतात.

आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मात्र या स्पष्टीकरणाने पुसला जात नाही. गोष्ट मुद्दाम कच्ची ठेवली आहे हे मान्य केले, तरी मध्यावर ती काही काळ खरोखरच रेंगाळते, आणि गोष्टीतल्या राजकन्येच्या वाट्याला शोभून दिसण्यापलीकडे काम येत नाही. दगा खाल्लेला पुरुष ही गोष्ट सांगतो आहे म्हणून ती तशी आहे, असे म्हणता येते, पण अशा समर्थनाने मन पूर्ण भरत नाही.

पडद्यावर दिसणारी ठिकाणे खरी आहेत का?

होय. तरसेम सिंग यांनी संगणकावर घडवलेली स्थळे वापरायची नाहीत असा हट्ट धरला आणि सुमारे चार वर्षांच्या काळात वीसहून अधिक देशांत चित्रीकरण केले. अनेक प्रेक्षक पहिल्या वेळी हे सगळे संगणकीय कौशल्य समजतात, आणि ठिकाणे खरी आहेत हे कळल्यावर त्यांचे मत बदलते. हा अनुभव इतक्या जणांकडून ऐकला आहे की तो या चित्रपटाच्या स्वागताचाच एक भाग मानायला हवा.

भारतीय प्रेक्षकाला यातली कित्येक ठिकाणे सहज ओळखता येतील: जोधपूरची निळी घरे, जयपूरचे जंतरमंतर, फत्तेपूर सिक्री, आग्र्याचा ताजमहाल, उदयपूरचे तलावातले महाल आणि लडाख. राजस्थानातल्या आभानेरी गावची चांद बावडी हे त्यांतले सर्वांत परिणामकारक ठिकाण. तेरा मजले खोल उतरत जाणाऱ्या आणि सुमारे साडेतीन हजार पायऱ्यांच्या या विहिरीच्या त्रिकोणी जाळीवरून काळे सैनिक मुंग्यांसारखे धावतात, आणि पायऱ्यांची भूमिती इतकी काटेकोर आहे की डोळा ती खरी मानायला तयार होत नाही. भारताबाहेरची ठिकाणेही अशीच आहेत: नामिबियातल्या तांबड्या वाळूच्या टेकड्या, बाली बेटावरचे केचक नृत्य, प्राग आणि इस्तंबूल.

समुद्रात पोहणारा हत्तीही खराच आहे. वीर एका चिमुकल्या बेटावर अडकलेले असताना हत्ती पोहत येतो, आणि कॅमेरा पाण्याखालून त्याचे पाय व पोट दाखवतो. तो अंदमानातला राजन. एके काळी लाकूडतोडीच्या कामाला जुंपलेला हा हत्ती पुढे पोहण्यासाठी प्रसिद्ध झाला आणि २०१६ मध्ये वारला. कल्पनेच्या गोष्टीतला सर्वांत अविश्वसनीय प्राणी हाच प्रत्यक्षात सर्वांत खरा निघतो, याचा मला प्रत्येक वेळी नव्याने आनंद होतो.

‘ही तर दोन तासांची जाहिरात आहे’ असे काही जण का म्हणतात?

दिग्दर्शकाची पार्श्वभूमी पाहता हे म्हणणे निराधार नाही. जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी कॅलिफोर्नियात शिक्षण घेतले, १९९१ मध्ये आर.ई.एम. या बँडच्या गाण्याच्या चित्रफितीने नाव मिळवले आणि पुढे जाहिरातपटांच्या क्षेत्रात काम केले. ‘द फॉल’साठी लागणारा पैसा त्यांनी मोठ्या प्रमाणावर याच कमाईतून घातला आणि जाहिरातींच्या निमित्ताने जगभर फिरताना चित्रीकरणाचा बराचसा भाग उरकला. चौकटीच्या मध्यभागी नेमके उभे केलेले पात्र, मागे अथांग मोकळी जागा आणि एकाच भडक रंगाचा ठिपका, ही जाहिरातीचीच भाषा आहे.

फरक असा, की जाहिरातीतले सौंदर्य काहीतरी विकायला येते आणि इथेही ते विकायलाच येते, पण विकणारा रॉय आहे. मुलीने कपाटापर्यंत जावे म्हणून तो गोष्ट अधिकाधिक देखणी करत नेतो. या दृष्टीने पाहिले तर चित्रांचा अतिरेक हा त्याच्या फसवणुकीचा भाग ठरतो. दिग्दर्शकाने हा विचार आधी केला होता की नंतर तो जुळून आला, हे ठरवायची गरज नाही. पडद्यावर तो लागू पडतो.

वेशभूषेचे इतके कौतुक का होते?

वेशभूषा एइको इशिओका यांची आहे. त्यांना १९९२ च्या ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’साठी ऑस्कर मिळाले होते आणि तरसेम यांच्यासोबत त्यांनी २०१२ मध्ये निधन होईपर्यंत काम केले. या चित्रपटात पात्राची बाह्याकृती लांबूनही ओळखू आली पाहिजे, हे तत्त्व त्यांनी कसोशीने पाळलेले दिसते. पाच वीरांपैकी एक असलेल्या चार्ल्स डार्विन या पात्राच्या अंगात पक्ष्याच्या पिसाऱ्यासारखा दिसणारा प्रचंड कोट आहे आणि पिशवीत वॉलेस नावाचे माकड आहे. १८५८ मध्ये डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे उत्क्रांतीवरचे लेखन लंडनच्या लिनिअन सोसायटीत एकत्रच वाचले गेले होते आणि पुढे कीर्ती मात्र मुख्यतः एकाच्याच वाट्याला आली. हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना माकडाशी सल्लामसलत करणारा डार्विन अधिक भावतो.

लहान मुलीच्या अभिनयाबद्दल मात्र जवळपास सर्वांचे एकमत कसे?

कारण तिथे अभिनय आणि वागणे यांतली सीमा दिसतच नाही. अलेक्झांड्रियाची भूमिका करणारी रुमानियन बालकलाकार कातिन्का उन्तारू हिला तेव्हा इंग्रजी जेमतेम येत होते. रॉयची भूमिका करणारे ली पेस खरोखरच चालू शकत नाहीत, असे तिला आणि चित्रीकरणाच्या चमूतल्या बहुतेकांना सांगण्यात आले होते. खाटेभोवतीच्या पडद्याला छिद्रे पाडून कॅमेरा पलीकडे ठेवला गेला, त्यामुळे दोघे आत जवळपास एकटेच बोलत राहिले. त्यांचे बरेचसे संभाषण ठरवून लिहिलेले नव्हते. ती अडखळते, प्रश्न भलत्याच दिशेला नेते, एखादा शब्द चुकीचा ऐकते, आणि ली पेस ते झेलून पुढे जातात. चित्रपट न आवडलेले प्रेक्षकही हे प्रसंग पुन्हा पाहावेसे वाटतात, असे सांगतात.

एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. रॉय तिला कागदावर ‘मॉर्फिन’ हा शब्द इंग्रजीत लिहून देतो. ती कपाटापर्यंत पोहोचते, बाटली शोधते आणि परत येऊन त्याच्या हातावर मोजून तीन गोळ्या ठेवते. बाकीच्या तिने टाकून दिल्या आहेत. शब्दातले शेवटचे ‘ई’ हे इंग्रजी अक्षर तिने तीनचा आकडा म्हणून वाचले आहे, आणि सांगितले तेवढे बरोबर आणल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नाही. रॉयची निराशा, आपला सुटलेला निःश्वास आणि तिचा निरागस अभिमान, तिन्ही एकाच क्षणी. एका अक्षराच्या चुकीने माणूस वाचतो, आणि पार्श्वसंगीताने ते ठसवण्याची गरज दिग्दर्शकाला वाटत नाही.

परीकथा आहे म्हणून मुलांना दाखवावा का?

लहान मुलांना दाखवू नये. अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र मिळाले आहे, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांसोबत मोठे माणूस असावे लागते. आत्महत्येचा विचार कथेच्या मुळाशी आहे, गोष्टीतले मृत्यू क्रूर आहेत आणि उत्तरार्धात बाहुल्यांच्या अनिमेशनने साकारलेला दुःस्वप्नाचा तुकडा मोठ्यांनाही अस्वस्थ करतो. जे स्वतः निराशेच्या काळातून जात आहेत, त्यांनीही हे आधी जाणून घेऊन मगच पाहायचे की नाही ते ठरवावे.

पूर्वेकडच्या देशांचा केवळ सजावटीसारखा वापर झाला आहे का?

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. बालीतले नर्तक, राजस्थानातली विहीर आणि नामिबियातली वाळू एकाच काल्पनिक प्रदेशात शेजारी शेजारी येतात, आणि त्या जागांना स्वतःचा इतिहास उरत नाही. माणसांचेही तेच. ओटा बेंगा नावाचे पात्र गोष्टीत पळून आलेला गुलाम आहे. या नावाचा खरा माणूस काँगोतून अमेरिकेत नेला गेला, १९०६ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात लोकांना ‘पाहायला’ ठेवला गेला आणि १९१६ मध्ये त्याने आत्महत्या केली. जीव देऊ पाहणाऱ्या माणसाच्या गोष्टीत हे नाव यावे, यात मोठी ताकद होती. चित्रपट मात्र त्या नावाला शिंगांचे शिरोभूषण आणि एक शौर्याचा प्रसंग देऊन पुढे जातो.

बचावाच्या बाजूने असे म्हणता येते की ही सरमिसळ मुलीच्या डोक्यातली आहे, आणि जग न पाहिलेल्या मुलीला ताजमहाल व वाळवंट एकमेकांना लागून असण्यात काही वावगे वाटणार नाही. शिवाय ‘इंडियन’ या शब्दाचा घोटाळा अशा ऐकीव प्रतिमांचीच उलटतपासणी करतो. तो बचाव मी मान्य करतो, परंतु ओटा बेंगाच्या बाबतीत तो पुरा पडत नाही. चित्रपटावर प्रेम असूनही हे बोलले पाहिजे असे मला वाटते.

चित्रपट संथ आहे का?

आहे. तो ११७ मिनिटांचा आहे आणि पहिली काही मिनिटे तर मंदगतीने, कृष्णधवल रंगांत, एकाही संवादाविना जातात. बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग वाजत असतो, पुलावर वाफेचे इंजिन थांबलेले असते आणि दोरखंडांना बांधलेला घोडा नदीतून वर ओढला जात असतो. काय घडले आहे ते कळत नाही. पुढे रॉयच्या अपघाताची हकीकत समजली की ही मिनिटे मनात पुन्हा जुळवावी लागतात. ज्यांना हा सुरुवातीचा भाग कंटाळवाणा वाटतो, त्यांना उरलेला चित्रपट आवडण्याची शक्यता कमी आहे.

कल्पना मूळची तरसेम सिंग यांचीच आहे का?

नाही. ‘यो हो हो’ या १९८१ च्या बल्गेरियन चित्रपटावर ती आधारलेली आहे. इस्पितळात पडून असलेला अभिनेता एका मुलाला चाचेगिरीची गोष्ट सांगतो आणि त्याच्याकडून विष मिळवू पाहतो, हा गाभा तिथला आहे. मुलाच्या जागी परभाषक मुलगी आणल्याने गोष्ट ऐकण्यात चुकीचे ऐकणेही आले, आणि माझ्या मते हीच तरसेम यांची सर्वांत मोठी भर आहे.

अलीकडे त्याच्याबद्दलची मते का बदलली?

मुख्य कारण उपलब्धतेचे आहे. डेव्हिड फिंचर आणि स्पाइक जोन्झ या दिग्दर्शकांची नावे सादरकर्ते म्हणून जोडलेली असूनही हा चित्रपट बरीच वर्षे ऑनलाइन पाहायला मिळत नव्हता आणि डिस्कही दुर्मिळ झाल्या होत्या. त्यातली सुटी चित्रे मात्र सर्वत्र फिरत होती, त्यामुळे पाहण्यापूर्वीच त्याची दंतकथा झाली. २०२४ मध्ये फोर-के दर्जाची नवी प्रत स्वित्झर्लंडमधील लोकार्नो महोत्सवात दाखवली गेली आणि त्यानंतर मुबी या ऑनलाइन चित्रपटसेवेवर आली. दरम्यान प्रेक्षक संगणकीय दृश्यांना इतके सरावले होते की खऱ्या उन्हात, खऱ्या दगडांवर चित्रित झालेली भव्यता त्यांना नवी वाटली. कथेवरचे जुने आक्षेप नव्या प्रेक्षकांनीही घेतले, फक्त ते चित्रपट नाकारण्यापर्यंत गेले नाहीत.

शेवटी येणाऱ्या जुन्या मूकपटांच्या तुकड्यांचा अर्थ काय? (या उत्तरात शेवट उघड होतो.)

मुलगी पडून गंभीर जखमी झाल्यानंतर रॉय अपराधी भावनेने आणि नशेत गोष्टीतल्या वीरांना एकेक करून मारू लागतो. ती रडत त्याला थांबवू पाहते, ही गोष्ट माझीही आहे असे बजावते, आणि अखेर काळ्या मुखवट्याचा वीर, म्हणजे गोष्टीतला रॉयच, तेवढा जिवंत राहतो. पुढे रॉय बरा होऊन पुन्हा कामाला लागल्याचे तिला कळते. ती संत्र्यांच्या बागेत परतली आहे. खरे मूकपट पडद्यावर येऊ लागतात: इमारतीवरून लोंबकळणारे, आगगाडीवरून घरंगळणारे, पाण्यात कोसळणारे स्टंटमन. ते वेगवेगळ्या चित्रपटांतले, वेगवेगळे लोक आहेत. त्यांतल्या बहुतेकांची नावे त्या काळी पडद्यावर येत नसत. अलेक्झांड्रिया मात्र आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगत राहते की हा रॉय आहे, आणि हाही रॉयच.